दोन मशिनं आणि कमलबाईचं पलीकडचं वावर

यवतमाळ जिल्ह्यात होडीच्या मशीनचं काम आहे असं भाचीने फोनवर सांगितलं, तेव्हा मी तिला आधी विचारलं, तब्येत बरी आहे ना? पस्तीस वर्षं मी दापोलीच्या बाजूला बंदरावर होड्यांची पेट्रोल मशिनं दुरुस्त केली. माझ्या हिशोबी नागपूरच्या वाटेवर फक्त कापूस आणि ऊन. पण सुलभा तिकडे बाभुळगावला शाळेत शिकवते, तिला खोटं बोलायचं कारण नाही. म्हणजे असं मी तेव्हा म्हटलं खरं, पण गाडीत बसल्यावर मनात आलंच, हिला नक्की काय हवंय?

स्वभाव संशयी आहे माझा. मीच सांगून टाकतो, म्हणजे दुसऱ्यांना चघळायला उरत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "काही केलं नाही, आपोआप बंद पडलं," तेव्हा त्याने काहीतरी केलेलं असतंच. पस्तीस वर्षं हेच ऐकल्यावर माणूस दुसरं काय होणार?

धामणगाव ते बाभुळगाव

धामणगावला उतरलो तेव्हा सकाळची थंडी होती. स्टेशनबाहेर सुलभा स्कूटर घेऊन उभी. तिने आधी तर्रीपोहे खायला घातले. पोह्यांवर लाल रस्सा ओततात हे लोक. आम्ही पोह्यांवर ओलं खोबरं घालणारी माणसं. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं, दुसरी प्लेट मात्र मीच मागितली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, मधे तुरीच्या ओळी. जाता जाता सुलभाने सगळी हकिगत सांगितली. धरण झालं तेव्हा बाभुळगावजवळच्या बंजारा तांड्यावरच्या बऱ्याच लोकांची जमीन पाण्यात गेली. कमलबाई राठोडचं तीन एकर वावर तेवढं वाचलं, पण ते पाण्याच्या पलीकडे राहिलं आणि घर अलीकडे. पुलावरून वळसा घालून टेम्पोने तासभर लागतो, आणि वेचणीच्या दिवसांत एवढ्या लांब यायला बायका तयार होत नाहीत. पाण्यातून सरळ गेलं तर जेमतेम किलोमीटर. म्हणून तांड्यावरच्या बचत गटाने पूरबचावाची एक जुनी रबरी होडी लिलावात घेतली. रीतसर परवानगीचा कागदही काढला. वल्ही मारून बायका जातात, पण येताना होडीत कापसाची गाठोडी आणि समोरून वारा, की होडी जागची हलत नाही. आता तिला मशीन लावायचं. पेट्रोलचं की बॅटरीचं, ते मी ठरवायचं.

"आणि नाहीच जमलं तर?" मी विचारलं.

तर वावर विकायचं. बाभुळगावचे नानाजी म्हणून एक गृहस्थ आहेत, त्यांना तिथे पाण्याकाठी राहण्याजेवणाची हॉटेलवजा जागा काढायची आहे. या हंगामात होडीचं काही झालं नाही तर वावर त्यांना द्यायचं, असं राठोडांच्या घरात ठरलं होतं. सगळ्यांचं ठरलं होतं, कमलबाईचं नव्हतं.

संध्याकाळी तांड्यावर गेलो. कमलबाई पंचेचाळिशीची, उंच, कपाळाला आठी. माझ्याकडे तिने असं बघितलं, जसं काही मी गिऱ्हाईक आणि ती मेकॅनिक. मला काही न विचारता सुलभालाच म्हणाली, "मॅडम, तुमचे मामा पेट्रोलवालेच हायेत ना? मंग ते पेट्रोलच चांगलं म्हनतीन."

मला राग आला, कारण ते खरं होतं. त्यानंतर ती आणि तिची जाऊ आपल्या बंजारा गोरबोलीत काहीतरी बोलल्या आणि दोघी हसल्या. परतताना सुलभाला विचारलं, काय म्हणत होत्या? ती म्हणाली, डाळीत मीठ कमी झालंय असं म्हणत होत्या. माझा काही विश्वास बसला नाही.

यवतमाळ

पेट्रोलचं मशीन आलेलंच होतं. ढाणकीच्या एका फवारणी पंपवाल्याकडून देविदासने, म्हणजे कमलबाईच्या नवऱ्याने, वापरलेलं आणलं होतं. छोटंसंच, पण माझ्या ओळखीच्या घराण्यातलं. मी ते उघडून बघितलं, प्लग साफ केला, आणि खूप दिवसांनी कुणीतरी आपल्या भाषेत बोलल्यासारखं वाटलं.

बॅटरीचं मशीन बघायला दुसऱ्या दिवशी यवतमाळला गेलो. ई-रिक्षाच्या बॅटऱ्यांचं दुकान. मालक पन्नाशीचा, गोड बोलणारा. आवाज नाही मामा, धूर नाही, रबराच्या होडीवर पेट्रोल सांडायची भीती नाही, आणि मेंटेनन्स शून्य. मेंटेनन्स शून्य म्हणणारा माणूस मला कधीच आवडला नाही. त्याने ते मशीन दाखवलं तेव्हा मला हसूच आलं. टेबलफॅनला दांडा लावावा तसला प्रकार. खाली इवलासा पंखा, वर मूठ, मुठीवर वेगाचे पाच आकडे. सोबत तीस किलोची बॅटरी. मी म्हटलं, हे होडी ढकलणार की वारा घालणार?

तो रागावला नाही. म्हणाला, आठ दिवस घेऊन जा, वापरून पाहा, आवडलं तर ठेवा. झालं! फुकट वापरायला देतोय म्हणजे नक्की पाणी मुरतंय. मी मीटर मागून बॅटरी तपासली, ती चांगली निघाली. मग वायरी तपासल्या, त्याही चांगल्या निघाल्या. एवढं सगळं चांगलं निघाल्यावर तर माझी खात्रीच पटली की माणूस लबाड आहे.

तांडा, पेट्रोलचा दिवस

तिसऱ्या दिवशी सकाळी आधी पेट्रोल. होडीच्या मागच्या फळीला मशीन आवळलं, दोरी ओढली, तिसऱ्या झटक्याला चालू. तो आवाज पाण्यावरून गेला आणि काठावरचे बगळे उडाले. मी, कमलबाई, देविदास, तिघांच्या अंगावर तरंगण्याची जाकिटं. सात-आठ मिनिटांत पलीकडे. मी कमलबाईकडे बघत होतो, पण तिच्या चेहऱ्यावर काही दिसेना. ती फक्त एकदा मागे वळून म्हणाली की याच्या आवाजात बोलता येत नाही.

वावरात तिच्याबरोबर तासभर हिंडलो. शेजारच्या तुरीत चार माणसं पाठीवर पंप घेऊन अळीची फवारणी करत होती. कमलबाईने तुरीच्या ओल्या शेंगा मीठ घालून उकडून दिल्या. आमच्याकडे ही चव नाही, मी कबूल करतो. जमीन काळी, भुसभुशीत, पायाला चिकटणारी. "हे सासऱ्याच्या हातचं हाय," एवढंच ती म्हणाली आणि पुढे झाली. ते म्हणताना ती वाकून एक ढेकूळ फोडत होती.

परत निघालो आणि मधोमध मशीन खोकलं. दोन आचके दिले आणि बंद. दोरी ओढून ओढून माझा खांदा भरून आला. शेवटी देविदास आणि कमलबाईने वल्ही मारत काठ गाठला, आणि मी, पस्तीस वर्षांचा मेकॅनिक, पाटावर बसवलेल्या नवरदेवासारखा मधे बसून राहिलो.

काठावर येईपर्यंत माझ्या डोक्यात संशयितांची यादी तयार होती. एक नंबर यवतमाळचा दुकानदार. त्याने कोणाला तरी हाताशी धरलं असणार. दोन नंबर खुद्द देविदास. वावर विकावं असं त्याला वाटतच होतं. मी कार्बोरेटर सोडला, वाटीतलं पेट्रोल हातावर घेतलं. तळाला पाण्याचे थेंब, आणि वर चक्क फेस. पेट्रोलला फेस आयुष्यात पहिल्यांदा बघितला. मी देविदासला दटावून विचारलं, पेट्रोल कशात आणलंस?

त्याने पांढरा पाच लिटरचा डबा आणून दाखवला. तणनाशकाचा. इकडे घरोघरी हीच पद्धत, तणनाशकाचा रिकामा डबा पेट्रोल आणायला वापरायचा. गाडीसाठी त्याच्याकडे एक जुना डबा आहे, वर्षानुवर्षं सुकलेला, त्याने कधी काही होत नाही. पण मामांच्या मशीनला मळका डबा कसा चालेल, म्हणून बिचाऱ्याने मुद्दाम नुकताच रिकामा झालेला नवा डबा काढला, विहिरीच्या पाण्याने तीनदा विसळला आणि तसाच ओला पंपावर घेऊन गेला. मानासाठी केलं आणि मशीन बुडवलं. सांगताना तो इतका ओशाळला की मला पुढे बोलवेना. तरी मी दुकानदाराचं नाव यादीतून काढलं नाही.

नानाजींचा चहा

त्याच दुपारी बाभुळगावला नानाजी भेटले. स्वतः सुलभाच्या घरी आले आणि मला आपल्याकडे चहाला घेऊन गेले. शांत, पांढरे कपडे, बोलणं हळू. त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाले, मला ते वावर हवंय, बाईंनी दिलं तर घेईन, नाही दिलं तर राग नाही. मी मनात म्हटलं, जो तोंडावर सांगतो त्याचा संशय कशाला घ्यायचा? त्यांनी माझ्या कामाची चौकशी केली, पेट्रोलच्या मशीनची तारीफ केली. माझी कळी खुलली हो, खोटं का बोलू. अख्ख्या प्रवासात माझ्या हुन्नराला किंमत देणारा एकच माणूस भेटला होता.

उठताना सहज बोलावं तसं ते म्हणाले, "बॅटरीचं तेवढं सांभाळून मामा. रात्रभर चार्जिंगले ठेवतात हे लोक. कुठं तरी आग लागली म्हनून ऐकलं होतं."

संध्याकाळी तांड्यावर गेलो. कमलबाईच्या ओसरीत बॅटरी चार्जिंगला लावली होती. लाईन दिवसभर नव्हती, आत्ताच आलेली. दुकानदाराने बजावलं होतं, सकाळपर्यंत काढायची नाही. शेजारी कापसाचा ढीग घरभर पसरलेला. मी तो कापूस बघितला, चार्जरचा लाल दिवा बघितला, आणि नानाजींचं बोलणं आठवलं. आमच्याकडेही रात्री प्लगला काही ठेवत नाहीत. निघताना मी हळूच प्लग ओढून काढला आणि कोणाला बोललो नाही. आगीची भीती होती हे खरं. पण बॅटरी उद्या कमी पडली तर बरंच, असंही मनाच्या एका कोपऱ्यात होतं. तेही इथे लिहून टाकतो.

तांडा, बॅटरीचा दिवस

सकाळी मी पोचलो तर प्लग बोर्डाला पुन्हा लावलेला. पण बोर्डात लाईन नव्हती, पहाटेच गेली होती म्हणे. बॅटरीवर पाचपैकी दोन दिवे. मी म्हटलं, आज राहू द्या. वेचलेला कापूस पलीकडे उघड्यावर पडलाय, कमलबाई म्हणाली. तिने वल्ही आत टाकली आणि होडीत बसली. मी पण बसलो. न बसून काय करतो?

जाताना ठीक चाललं. आवाजच नाही. पाण्याखाली काहीतरी गुरगुरतंय एवढंच. कमलबाई सगळा वेळ बोलत होती, कुठल्या बांधावर कोणाची आंब्याची झाडं पाण्यात गेली, कुठे जुनी विहीर होती. काल ती गप्प का होती ते मला तेव्हा कळलं.

पलीकडे कापसाची चार गाठोडी भरली आणि परत निघालो. वारा समोरून आला होता. तिने मूठ पाचवर नेली. एक दिवा राहिला, मग तोही गेला. पंखा मंद होत होत थांबला आणि वाऱ्याने आम्हाला गुपचूप पलीकडच्या काठाला परत नेऊन लावलं. "बघा, मी म्हटलं नव्हतं?" असा चेहरा माझा नक्कीच झाला असणार.

कमलबाई माझ्याकडे न बघता उतरली आणि तुरीतल्या फवारणीवाल्यांना हाक मारली. चौघे आले. तिने त्यांना पंप उतरवायला लावले. त्या पंपांत बॅटरी असते, एवढीशी, पावाच्या लादीएवढी. इथे ज्याच्या त्याच्या घरी असा पंप, आणि ती बॅटरी बिघडली की बायकाच खोलून बघतात, मेकॅनिक कोण बोलावतो? चार बॅटऱ्या बाहेर काढल्या. एका पंपाची वायर तोडली, कोणाच्या तरी मोटरसायकलचे चिमटे आले. लालला लाल, काळ्याला काळी, चारही एकमेकांना जोडल्या. दहा मिनिटांत काम. मी हात लावायला पुढे झालो तर म्हणाली, मामा, तुम्ही तेवढं गाठोडं धरा.

मी फक्त एवढंच सांगितलं, वेग दोनच्या वर नेऊ नका, वायरी तापतील. तिने मान हलवली आणि दोनवरच ठेवला. त्या चार पंपांच्या बॅटऱ्यांवर, कापसाच्या गाठोड्यांसकट, अर्ध्या तासात आम्ही अलीकडे लागलो. माझ्या बंदरावर पेट्रोल संपलं तर शिट्टी फुंकत बसतात, दुसरी होडी येईपर्यंत. मला लाज वाटली, आणि ती कशाची हे मला चांगलं माहीत होतं.

रात्री जेवायला आलन, म्हणजे पीठ लावलेली पातळ भाजी, भाकर आणि धरणातला मरळ मासा होता. गोड्या पाण्याच्या माशाला मी आयुष्यभर नावं ठेवली. त्या दिवशी घासच उतरत नव्हता, म्हणून माशाची काही चूक काढता आली नाही.

निघायच्या दिवशी

सकाळी गटाच्या बायका काठावर जमल्या. देविदास होता, सुलभा होती. नानाजीही मोटरसायकलवरून आले आणि जरा लांब, बाभळीखाली उभे राहिले. कमलबाईने मला विचारलं, मामा, तुमचं काय म्हणणं?

मी तयारी करून आलो होतो. पेट्रोलचं बळ जास्त, पल्ला जास्त, पण रबराच्या होडीला हादरे, वर पेट्रोल सांडण्याची भीती. बॅटरी शांत, पण जड, आणि लाईनीवर अवलंबून. दोन्ही बाजू नीट मांडत होतो. तिने मला मधेच थांबवलं.

"मामा, परवा प्लग तुम्ही काढला. म्या चुलीपासून पायलं."

सुलभा माझ्याकडे बघत होती, ते सगळ्यात वाईट.

मी म्हटलं, हो, मीच काढला. मग मलाच राहवेना, मी विचारलं, पाहिलं होतं तर लगेच परत का नाही लावलात? सकाळी लाईन गेल्यावर लावून काय उपयोग?

"तो सकाळी यायनं लावला, यायले माहीत नव्हतं," देविदासकडे बोट करत ती म्हणाली. "म्या मुद्दाम नाई लावला. कोनतंबी मशीन एक दिवस मधात बंद पडनच. ते बंद पडावं असं वाटनारा मानूस संगं असतानाच पडू द्या म्हनलं. तवाबी घरी आलो तं वावर माह्यं."

मी तिला म्हटलं, माझी चूक झाली. त्यावर तिने हात नुसता झटकला. मग विचारलं, "प्लग काढाचं तुमच्या डोक्यात कोनं घातलं?"

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. या पाच दिवसांत मी कोणावर संशय घेतला नव्हता? दुकानदारावर घेतला, देविदासवर घेतला, डाळीत मीठ कमी म्हणणाऱ्या दोन बायकांवर घेतला, सख्ख्या भाचीवर घेतला. आणि ज्याला वावर हवं होतं, त्याच्याकडे बशीत ओतून चहा प्यायलो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मी बाभळीकडे बघितलं. कमलबाईनेही बघितलं आणि मान हलवली, जणू तिला माहीतच होतं, फक्त माझ्याकडून ऐकायचं होतं.

मग तिने गटाला आपला निर्णय सांगितला. पेट्रोल संपलं तर बाभुळगावला जावं लागतं, बॅटरी संपली तर चार वावरांत मागता येते. तेव्हा हेच मशीन. बायकांनी माना डोलावल्या आणि एकेक करून होडीत बसल्या. वेचणीला उशीर होत होता. माझी बस दुपारची होती. कमलबाईने मागच्या फळीकडे बोट केलं आणि म्हणाली, मूठ धरता का मामा?

मी बसलो. बॅटरीवर किती दिवे आहेत ते मी बघितलं नाही. काठ सोडून बरंच आत गेलो असू, तेव्हा नानाजी बाभळीखालून पुढे आले, पाण्यापर्यंत. हात तोंडाशी धरून विचारलं, "मामा, मशीनचं काय ठरलं?"

मी कमलबाईकडे बघितलं. ती समोर वावराकडे बघत होती.

"मशीनचं राहू द्या नानाजी," मी म्हटलं. "वावर विकायचं नाही, असं बाई म्हणतात."

पेट्रोलचं मशीन असतं तर मला घसा फोडून ओरडावं लागलं असतं. मी साध्या आवाजात बोललो. त्यांना ते अक्षर न् अक्षर ऐकू गेलं.